हातानं लिहिलेला मार्ग

लातूर, ४ जुलै
नांदेडहून काल आलो आणि पहिल्याच दिवशी भाव खाऊन घेतला. क्लासच्या तीन इमारती नि मुलींचं हॉस्टेल एका नेटवर्कवर आणायचंय. संचालक किशनराव सरांना समजावलं: आपोआप मार्ग शोधणारी पद्धत मोठ्या पसाऱ्याला ठीक, इथं प्रत्येक इमारतीला एकच वायर, तेव्हा कुठला मेसेज कुठल्या वायरनं जायचा तो मार्ग मीच राऊटरमध्ये हातानं लिहून टाकतो. पुढं काही हललं तर राऊटरला ते आपलं आपण कळत नाही, हे मात्र बोललो नाही. सर खूश.

१२ जुलै
मुलींनी अडचण असली की हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर मेसेज टाकायचा. तो मागच्या दगडी खोलीत रेक्टर राजश्रीताईंना मिळतो. बिलोलीची अपूर्वा सारखी टाकते. घरची आठवण येते, चाचणीत मार्क पडत नाहीत. ताईंचं उत्तर आलं की पोरगी जेवते. मलाच बरं वाटतं.

३ ऑगस्ट
बैठकीत राजश्रीताई म्हणाल्या, दगडी खोली सोडून नव्या ऑफिसात गेल्यापासून मला एकही मेसेज नाही, मुली रुळल्या. टाळ्या वाजल्या. ऑफिस हललं आणि मी मार्ग बदललाच नव्हता! मेसेज अजून त्या कुलूपबंद खोलीकडेच चाललेत. चारचौघांत सांगायची लाज वाटली. नंतर अपूर्वाला विचारलं. ती म्हणाली, ताई रोज उत्तर देतात, पूर्वीपेक्षा मायेनं.

४ ऑगस्ट
खोली उघडली. कॉम्प्युटर केव्हाच नेलेला. वायरचं टोक भिंतीला टेकलेलं. झाडणाऱ्या भामाबाई दारातूनच म्हणाल्या, भूकंपात पडल्या घरांचे दगड हायत ह्या भिताडाला, आत लई थांबू नका साहेब.
हॉस्टेलवर जाऊन उत्तरं वाचली. ‘एकटी रडू नकोस. इथं आम्ही पुष्कळ जण आहोत.’
मार्ग पुसला, नवा लिहिला. सरांना सांगायला गेलो तर त्यांनी पाठ थोपटली. थँक्यू म्हणून परतलो. स्वतःची किळस आली.

६ ऑगस्ट
जुना मार्ग परत आलाय. मी लिहिलेला नाही— अपूर्वाला सावध करायचं तर सगळंच सांगावं लागेल. उद्या सांगतो.

७ ऑगस्ट
अपूर्वा हजेरीला नाही. तिला आलेलं शेवटचं उत्तर— ‘ये. जागा केली आहे.’
कालच सांगितलं असतं तर—

दुपार
खोलीचं कुलूप तसंच होतं. पोलिसांनी उघडून पाहिलं, रिकामी. तिचे वडील पायरीवर बसलेत, मी शेजारी. भिंतीतून अपूर्वा बोलतेय, त्यांना ऐकू येत नाही. ‘सर, मी इथं आहे, बाबांना सांगा’— पुन्हा तेच. सांगायचं तर आधी हे सांगावं लागेल की मी—