जुन्या भावाची तार

मंगळवार, २ जुलै १९९१

रुपया खाली आणला — सरकारनंच! पेपरात मोठ्या अक्षरांत आलंय. वाइंडिंगच्या दुकानात दादाला वाचून दाखवलं. तो विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीची तांब्याची तार उसवत होता. "म्हंजी काय गं?" म्हटलं, डॉलरला आता जास्त रुपये मोजावे लागणार. परदेशातून येतं ते सगळं महागणार.

"आन् तांबं?"

तांबंही बरंचसं तिकडूनच. बानूवहिनी लगेच म्हणाली, "मग आपली तार बी महागली म्हना की!"

मी ठासून सांगितलं — आपली नाही. ती जुन्या भावानं आणलीय. आज वाढीव पैसे घेतले तर ती फसवणूक. दादा हसला. "शिकलेली तू. तू म्हनशील तसं."

शुक्रवार, ५ जुलै

रुपया परत खाली आणला. यवतच्या वाइंडिंगवाल्यानं कालच भाव वाढवला म्हणे. तारेची रिळं जुनीच, भाव नवा! मी त्याला चोर म्हणाले. चारचौघांत.

रविवार, ७ जुलै

दुकानापुढं मोटारींची रांग. पार उरळीहून जीपमधून जळक्या मोटारी आल्या. दादा गिऱ्हाइकांना म्हणतो, "भाव मला नका इचारू. आमची रिझर्व्ह बँक घरात हाय." सगळे हसले. मीही. मला फार बरं वाटलं. ते आठवलं की आता लाज वाटते — हे वाक्य नंतर लिहिलंय.

गुरुवार, ११ जुलै

तार संपत आली. दादानं हळूच विचारलं, "पुढची तार कशानं आनायची?" म्हटलं, याच पैशातून की! त्यात विचारायचं काय, अशा आवाजात म्हटलं.

मंगळवार, १६ जुलै

दादा पुण्याहून आला. जमलेले सगळे पैसे देऊनही आधीइतकी तार आली नाही, जेमतेम पाऊण आली. वरून आधी घेऊन ठेवलेल्या मोटारी जुन्याच भावात करून द्यायच्या. शब्द दिलाय.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. लोकांनी दिले त्या पैशात कालची तार बसत होती, उद्याची बसत नाही. यवतवाल्याला ते दिसलं. मला दिसलं नाही. पुस्तकात "आयात महागते" एवढंच होतं, आणि मी तेवढंच पाठ केलं.

आबांनी, आमच्या वडिलांनी, मेंढरं विकून दुकानात ही तार भरून दिली होती. दुकान घालणारा आमच्यात दादाच पहिला.

शनिवार, २० जुलै

तेल महाग, साबण महाग. वहिनी मला दोष देत नाही. बोलली असती तर बरं!

बुधवार, ३१ जुलै

डबा घेऊन दुकानात गेले. नवा भाव ऐकून गिऱ्हाईक दादावर चिडलं होतं. "पंधरा दिसात एवढा फरक? लुटतो काय रं, पोपट?" दुसरा म्हणाला, "आधी तार फुकट वाटली, आता बस म्हनावं माश्या मारत! धंदा करायला डोकं लागतं."

दादा म्हणाला, "व्हय, माझंच चुकलं. मला हिशेब जमला न्हाई."

माझं नाव नाही! मी तिथंच उभी. हातात डबा. डबा टेबलावर ठेवला आणि घरी आले.

सोमवार, १२ ऑगस्ट

दुकान बंद.

शनिवार, १७ ऑगस्ट

दादा कामाला लागला — यवतला. त्याच वाइंडिंगवाल्याकडं. संध्याकाळी आला तर म्हणतो, "मानूस चांगला हाय गं. च्या पाजतो."

शुक्रवार, ३० ऑगस्ट

गावच्या सोसायटीचे चेअरमन हौसरावआप्पा यांचा निरोप आलाय. सोमवारी ये म्हणून. दुकानाचं काही असेल. ठरवलंय — दादाला बोल लावला तर सांगून टाकायचं, चूक माझी. तीन वेळा मनात म्हणून पाहिलं.

सोमवार, २ सप्टेंबर

आप्पांनी मला तोंड उघडू दिलं नाही. "सोसायटीच्या खताला, साखरेला क्लार्क पाहिजे. पोपट स्वतः आलता शब्द टाकायला. म्हनला, 'मी भाव वाढवनारच व्हतो आप्पा, पन तिनं वाढवू दिला न्हाई. अशी खरी पोरगी तुमाला घावायची न्हाई.' उद्यापासनं ये."

मी हो म्हणून आले.