काल परत धाडलेली रिक्षा

युवराज भावजी,

काल डिमेन्शियाच्या केंद्राची रिक्षा तुम्ही दारातूनच परत धाडलीत. म्हणालात, "वहिनी, माझ्या आईला पाळणाघरात टाकता? मुरुम गावचे लोक तोंडात शेण घालतील." तिथं माझ्या सासूबाई, आत्याबाई, दिवसभर शेंगा फोडतात, गाणी म्हणतात. रात्रभर त्यांच्यामागं जागलेली मी तेवढीच घटकाभर आडवी होते. हे तुम्ही विचारलंसुद्धा न्हाय.

माझं बीपी लई वाढलंय. डॉक्टरांनी कधीचं बोलावलंय, आज तिकडं चाललेय. आत्याबाई तुमच्यापाशी.

भाकरी दुधात कुस्करून द्या. सिलिंडर खालून बंद ठेवा. दुपारी त्या गाठोडं बांधतील अन् "जळकोटला, माहेरी सोड" म्हणतील. वाद घालू नका. मागच्या दारानं बाहेर न्या, घराला फेरी मारून पुढच्या दारानं आत आणा, "आलं जळकोट" म्हणा. खुश होऊन पाणी मागतील. थोड्या वेळानं पुन्हा गाठोडं बांधतील. पुन्हा न्या.

तुम्हाला ओळखलं न्हाय तर रागावू नका.

दमलात तर रिक्षावाल्याला फोन करू नका. आज येऊ नको म्हणून मीच सांगितलंय. काल ज्या लोकांची भीती घातलीत, त्यांना बोलवा.

अर्पिता