पुढच्या रविवारी मॅच कुणाची

बाबा, तुला बेसबॉल खरंच आवडायचा का, की तू माझ्यासाठी येऊन बसायचास? तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि हा प्रश्न मला आत्ता पडलाय, त्याला कारण आई. मागच्या आठवड्यात आपल्या जुन्या घरी, त्सुफेनहाउझेनला, गेले होते. ती पोळ्या लाटत होती, मी भाजत होते, आणि ती अगदी सहज म्हणाली, "तू तिसरीत असताना ह्यांना पुण्याला नोकरी मिळत होती. चांगली होती. पण ह्यांनी तुला मैदानावर विचारलं आणि घरी येऊन म्हणाले, पोरगी इथे रमलीय, राहू या." माझ्या हातची पोळी करपली. आपण जर्मनीत राहिलो ते माझ्या एका उत्तरामुळे? आणि मी रमले असेन, पण तू? तू रमला होतास का रे? तेव्हापासून ते सगळे रविवार आठवून आठवून बघतेय, त्यात कुठे तुझं उत्तर सापडतंय का.

पहिला रविवार तर निव्वळ चुकून. आपण एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, कुठेतरी निघालो होतो. खिडकीतून तुला पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि बॅट दिसली आणि तू आम्हाला पुढच्याच स्टेशनवर उतरवलंस. शेतांच्या कडेने जवळजवळ पळतच मैदान गाठलं. जाळीपाशी पोचल्यावर आई म्हणाली, "अहो, हे क्रिकेट नाहीये." तू दम खात म्हणालास, "असू दे. बॅट तर आहे." मग दर उन्हाळ्यात तेच. लाकडी बाक, खेळाडूंचे आई-बाप आणि बायका एवढेच प्रेक्षक, टपरीवर भाजणाऱ्या सॉसेजचा वास, आणि आपल्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासमधला चहा. तू मला खेळ समजावून सांगतोयस. "हा बोलर. धावत येत नाही, आळशी आहे. आणि सगळे फुलटॉस! टप्पा म्हणून नाही." चेंडू बॅटची कड घेऊन मागे गेला की तू उठून "चौका!" म्हणून ओरडायचास, आणि सगळे जर्मन वळून बघायचे, कारण त्याला इथे काहीच किंमत नाही. "मागे मारलेला धरत नाहीत म्हणे," तू खाली बसत पुटपुटायचास, "काय अन्याय!" दोन-तीन उन्हाळे झाले तरी तू चौका म्हणतच होतास. नियम तुला कळले नव्हते, असं मी तेव्हा धरून चालले होते. आता वाटतं, कळले असावेत.

एकदा क्लबच्या झोमरफेस्टला, उन्हाळी जत्रेला, त्यांच्या कोचने प्रेक्षकांनाही खेळायला बोलावलं. तू बाह्या सरसावून गेलास. पहिलाच चेंडू असा काही टोलावलास की मैदानावरचे सगळे बघत राहिले. आणि मग तू पळत सुटलास, बॅट हातात घेऊन! सगळे ओरडतायत, "लोसलासन! लोसलासन!" सोड, सोड. तू ती आणखी घट्ट धरतोस आणि पहिल्या बेसला पोचताना वाकून, हात लांब करून, बॅट टेकवतोस, क्रीजमध्ये टेकवावी तशी. सगळं मैदान हसत होतं, आणि सगळ्यांत जास्त तूच. परत आल्यावर आईने विचारलं, "टाकायची नाही का हो?" तर तू गंभीर होऊन म्हणालास, "बॅट कशी टाकायची जमिनीवर? उद्या कुणाचा पाय लागला म्हणजे?" माझ्या हिशेबात हा दिवस मी तुझ्या सुखाच्या बाजूला धरलाय. पण एवढ्याशा मैदानावर लोकांना हसवावं लागणं हे सुख होतं का, ते तूच जाणे.

आणि तो एक रविवार. आई सांगायच्या आधी मला तो आठवतही नव्हता, आता मात्र लख्ख आठवतो. उन्हाळा संपत आलेला, वारा सुटलाय, तू तुझं जाकीट माझ्या पायांवर टाकलंयस. आई टपरीपाशी कुणाशी तरी बोलतेय. तू मैदानाकडे बघतच विचारतोस, "काय गं पिल्लू, पुण्याला जायचं का? कायमचं?" आणि मी, तेव्हाच्या माझ्या सवयीने, जर्मनमध्ये उलट विचारते, पुढच्या रविवारी मग मॅच कुणाची आहे? तू हसलास. "या, गेनाऊ," तूही जर्मनमध्येच म्हणालास, हो, अगदी बरोबर, आणि मला चहा ओतून दिलास. बस, एवढंच झालं. नोकरीचं पक्कं होत आलं होतं का, तुला जायचं होतं का, की मी असंच काहीतरी म्हणावं म्हणूनच तू विचारलंस? आईला खोदून खोदून विचारलं. ती म्हणते, "ह्यांच्या मनातलं मला तरी कुठे कळायचं."

हे तिला दाखवणार नाही, ती उगाच रडेल. तुला पाठवायची काही सोय नाही, तेव्हा इथेच सांगून टाकते. बेसबॉल मला कधीच आवडला नाही. धड कळलाही नाही. आठवडाभर तू ऑफिसमधून यायचास तोवर मी झोपलेली असायचे, आणि रविवारी त्या बाकावर दुपारभर तू माझा असायचास. पुढचा रविवार म्हणजे माझ्यासाठी तेवढंच होतं. पुण्यातही रविवार असतात, हे तेव्हा सुचलंच नाही.