भुकेली हाडं

४ जानेवारी
आज सोलापूरच्या डायलिसिस सेंटरवर टेक्निशियन म्हणून रुजू झाले. जेऊरहून निघताना आईने दोन पिशव्या चटण्या दिल्या, त्या वर्षभर पुरतील. मी मात्र जाम खुशीत आहे. चौथ्या खुर्चीवर अक्कलकोटकडच्या काशम्मा बसतात. सगळे त्यांना अव्वा म्हणतात. ओळख होताच त्यांनी माझ्यासाठी स्थळ शोधायला घेतलं. त्यांचे यजमान शरणप्पा काका चार तास पायाशी बसून असतात.

१९ जानेवारी
अव्वांच्या रक्तात कॅल्शियम फार. गळ्यातल्या ग्रंथी बिघडल्यात, त्या हाडांतलं कॅल्शियम रक्तात सोडतात. म्हणून त्यांच्या यंत्राला कमी कॅल्शियमच्या द्रावणाचा निळा कॅन लावायचा. माझा हात आता न बघताच तो उचलतो. पुढच्या आठवड्यात ग्रंथी काढणार आहेत.

७ फेब्रुवारी
ऑपरेशन करून अव्वा घरी आल्या. डॉक्टर म्हणाले, आता उलटं होईल. उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतील. उद्यापासून जास्त कॅल्शियमचा पांढरा कॅन, शिवाय चावायच्या गोळ्या. काका गोळी स्वतः भरवतात.

८ फेब्रुवारी
तासाभराने अव्वा म्हणाल्या, "ओठाला मुंग्या यायल्यात बग की पोरी." मी म्हटलं, गूळ खाऊन आलात वाटतं. त्या हसल्या. रक्तदाबाचा पट्टा फुगवला तसा त्यांचा हात मनगटातून आत वळला आणि हृदय थांबलं. डॉक्टरांनी शिकस्त केली. अव्वा गेल्या.
आवरताना पाहिलं. कॅन निळा होता. मी तो धुऊन ठेवला, कुणाला बोलले नाही.

२० फेब्रुवारी
काका आले होते. त्यांच्यात बसवून पुरतात, अव्वांची समाधी शेतातच आहे. म्हणाले, "सकाळी गडबडीत गोळी द्यायला इसरलो मी. माज्यामुळंच गेली ती." मला रडू कोसळलं, तरी तोंड उघडलं नाही.
ते रोज समाधीपुढे भाकरी आणि गोळी ठेवतात. भाकरी तशीच राहते. गोळीचा चावलेला चुरा सापडतो. किती दिल्या म्हणजे तिची हाडं भरतील, असं त्यांनी मला विचारलं.

२ मार्च
गोळ्या संपल्या, असा काकांचा फोन. आज चौथ्या खुर्चीवरच्या नव्या पेशंटचं कॅल्शियम एकदम खाली— मग पाचव्या, सहाव्या. कॅन बरोबर होते. मी तीनदा बघितले.

५ मार्च
माझ्या ओठांना मुंग्या. रक्त तपासलं, कॅल्शियम खाली. मला तर कसलाच आजार नाही, मग कुठे जातंय—
काका फाटकाशी दिसले. किती वाळलेत. त्यांचाही हात आत वळलाय. अजून स्वतःलाच दोष देतात. सांगायला खाली गेले, त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, तूच तिची मनापासून सेवा केलीस म्हणाले. मला सांगणं नाही जमलं.

६ मार्च
बोटं वळतायत. जबडा उघडत नाही. लिहून तरी— काकांना हे पान द्या.
काका, गोळी चुकली म्हणून अव्वा गेल्या नाहीत. पांढरा कॅन लावायचा होता, सवयीने मी— तुमचा काही दोष नाही काका. दोष मा—