दवाखान्यातली बाई

आये, पुढल्या महिन्यात आम्ही दोघी जर्मनीला चाललोय. तिथल्या एका हॉस्पिटलात दोघींनाही नर्सची नोकरी मिळाली. या वयात आम्ही ती भाषा घोकली; ड्युटीवरून आलो की डहाणूच्या खोलीत चहा पीत एकमेकींच्या चुका काढायच्या आणि त्यावरूनच भांडायचं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तुला कळवल्यावाचून काही अडलं नव्हतं. पण काल पाड्यावर जाऊन सगळ्यांचा निरोप घेतला, दादाचा, वहिनीचा, अगदी तुझ्याशी जन्मभर भांडलेल्या शेजारणीचासुद्धा, आणि परत येताना सगळा वेळ मनातल्या मनात तुझ्याशीच भांडत होते. म्हटलं, लिहूनच काढावं. गोड काही लिहिणार नाही, आधीच सांगते.

तू धवलेरी. तळासरीकडच्या आपल्या पाड्यांवर लग्न लावायला भटजी येत नाही, तूच लागायचीस. तू गाणी म्हणायचीस, देवांना बोलवायचीस, आणि मांडवातले एरवी कुणाचं न ऐकणारे म्हातारे गप्प बसून तुझं ऐकायचे. समोर नवरा-नवरी कोण? तर कडेवर पोर घेतलेली. आपल्यात आधी संसार, मग कधीतरी सवडीनं लगीन. तुमचं तरी काय होतं? तुझ्या नि बाबांच्या लग्नात मी नवा फ्रॉक घालून ढोलापुढे नाचत होते, आणि हळद लागलेली तू मधेच मला ओरडलीस, 'अगं ए, पडशील मेले!' नर्सिंगच्या होस्टेलवर हे सांगितलं की पोरी तोंडावर हात ठेवायच्या. मला मात्र त्याचा माज होता. आमच्यात कुण्णी विचारत नाही, असं म्हणायचे मी. मूर्खच होते.

म्हणून तर खोलीत मी एकटी राहत नाही हे तुला कळलं, तेव्हा तू रागावलीसुद्धा नाहीस. दादाकरवी निरोप धाडलास, 'राहू दे. लगीन काय, होईल सावकाश.' आणि एका रविवारी स्वतःच आलीस. एका हातात पाय बांधलेला कोंबडा, दुसऱ्या हातातल्या पिशवीत जावयासाठी निळा शर्ट, बाजारातून अंदाजानं आणलेला. ती आत बोंबील तळत होती. चिंचणीच्या मासळीवाल्या घरातली ती, पाहुणा येणार म्हटल्यावर तिला बोंबलाशिवाय दुसरं काय सुचणार! तू आत डोकावलीस, बाहेर बघितलंस आणि विचारलंस, 'तो कुठं गेला?'

'तो कुणी नाही आये. हीच.'

तू आधी हसलीस. मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलंस.

'नि मी पाड्यावर काय सांगू?'

'तू बाबांकडे राहायला गेलीस तेव्हा आजीनं काय सांगितलं? तेच सांग.'

'माझ्याबरोबर बाप्या होता!' एवढं ओरडलीस की शेजारचं दार उघडलं. कोंबडा ठेवलास, शर्ट घेऊन गेलीस. पाण्याला तोंड लावलं नाहीस. ती गॅस बंद करून तशीच उभी, हात पिठाचे. मला म्हणते, 'जाऊ दे, येतील परत.' मासळीबाजारात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या घरातली पोर, आणि तुझ्यामागे त्या कोंबड्याचे पाय सोडवत बसली.

मग दादाचं लगीन निघालं. त्याची दोन्ही पोरं मांडवात खेळत होती आणि तू गात होतीस. मी तिला घेऊन आले, मुद्दाम. म्हटलं, हाकलेल तर हाकलू दे, निदान चारचौघांत काहीतरी बोलेल तरी. पण तू कसली पक्की! कुणीतरी विचारलं, ही कोण, तर गाणं थांबवून तू सांगितलंस, 'दवाखान्यातली बाई आहे, जेवून जाईल.' आणि मग जेवायला बसल्यावर स्वतः आलीस. तिच्या पानात भात वाढलास, कोंबडीच्या फोडी शोधून शोधून घातल्यास, 'लाजू नको बाई, घे, घे' म्हणालीस. पाड्यावर सगळ्यांना वाटलं, केवढा मान! घरच्या माणसाला कुणी असा आग्रह करतं का गं? वहिनीला तू कधी 'घे' म्हणाली नाहीस, ती आपल्या हातानं घ्यायची. त्या जेवणाचा राग मला त्या शर्टापेक्षा जास्त आला, अजून येतो.

नंतर तुझ्या अंगावरून वारं गेलं आणि तुला आमच्याच दवाखान्यात आणलं. मी लेक, पण मला तुझा हात हातात घेतला की रडू फुटायचं, म्हणून तुझं सगळं तिनंच केलं. अंग पुसायचं, कूस बदलायची, पेज भरवायची, तुझ्या जड केसांची वेणी घालायची. तुझी जीभ अडखळत होती, तरी जे नीट यायचं त्यात एक शब्द होता, 'सिस्टर.' पाणी हवं, सिस्टर. पाय दुखतो, सिस्टर. तिचं नाव तुला ठाऊक होतं. शेवटच्या दिवशीसुद्धा तू तिच्याच खांद्याला धरून उठून बसलीस आणि म्हणालीस, 'सिस्टर, माझी पोर कुठंय?' मी दारातच उभी होते. तू गेल्यावर पाड्यावरच्या बायकांनी तिचे हात धरून तिचे आभार मानले. बाहेरच्या बाईनं एवढं केलं म्हणून. ती बाहेरची नाही, हे सांगायला तू हवी होतीस. गावभरच्या उशिराच्या लग्नांना देव गोळा केलेस, आणि आमच्यासाठी तुझ्या घरातला एक पाट सरकवला नाहीस!

परवा जर्मनीच्या त्या हॉस्पिटलातल्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला होता. राहायच्या सोयीचं विचारत होत्या. 'दोघींना खोली एक की दोन?' मी म्हटलं, एक. 'बरं,' म्हणाल्या, आणि तिथं थंडी किती असते ते सांगायला लागल्या. ही इथं आनंदानं मला चिमटे काढतेय, आणि मला काय व्हावं? संताप आला. ती परकी बाई, जिला माझं नावसुद्धा धड म्हणता येत नाही, तिनं एका शब्दात उरकलं. तुझ्या तोंडून ते यावं म्हणून मी इतकी वर्षं डहाणू सोडलं नव्हतं. गुजरातेतून चांगल्या नोकऱ्या आल्या, नाही म्हटलं. तू गेल्यावरही नाही म्हणत राहिले, का ते माझं मलाच माहीत नाही.

ही पलीकडे बॅग भरतेय. कुणाला लिहितेयस, विचारलं तिनं. दादाला, म्हटलं. खरं सांगायची सोय नाही, कारण शेवटी एवढंच लिहायचं राहिलंय: आये, तू असतीस आणि नुसतं 'नको जाऊ' म्हणाली असतीस, हिला घरात न घेताच, तरी मी राहिले असते. हिला एकटीला जाऊ दिलं असतं.