बाबा स्टेबल आहेत

ती. दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आणि वहिनींचा खोकला आता बरा असेल असं धरून चालतो. इकडे बाबा स्टेबल आहेत. हॉस्पिटलात आणल्यापासून अकरा दिवस मी फोनवर हेच सांगतोय आणि तू "मग ठीक आहे" म्हणून ठेवून देतोस. म्हणून आज पत्र. (पत्रही मध्येच ठेवून देता येतं, पण निदान ते मला ऐकू येत नाही.)

हा शब्द इथल्या डॉक्टरांचा. बाबा दोन घास जेवले, स्टेबल. दुसऱ्या दिवशी श्वास पुरेना म्हणून नाकात नळी घातली, तरी स्टेबल. शेजारच्या खाटेवरचे मास्तर सोमवारी सकाळी स्टेबल होते, दुपारी त्यांची चादर बदलली. (त्यांच्या मुलालाही फोनवर तेच सांगितलं होतं.) आपण पडलो सुतार. आपल्याकडे स्टेबल कशाला म्हणायचं ते बाबांनी ठरवून ठेवलंय: तयार मालावर काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा, गुडघ्याने धक्का द्यायचा, थेंब सांडला तर गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. तुझ्या त्या खुर्चीवर सांडला, बाबा चारचौघांत बोलले, आणि तू त्यांचा रंधा उचलून निघून गेलास, त्याला सहा वर्षं झाली.

तर परवा बाबांच्या उशाजवळचं लाकडी टेबल डुगडुगत होतं. मला राहवेना. घरून करवत नेली आणि सिस्टर जेवायला गेल्यावर लांब वाटला तो पाय कापला. मग दुसरा लांब वाटायला लागला. तीस वर्षं हेच करतोय, पण चार पाय काही केल्या जुळेनात. सिस्टर परतल्या तेव्हा औषधं उचलायला त्यांना उकिडवं बसावं लागलं. त्या जे बोलल्या ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. बाबा मात्र धाप लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, "टेबल सरळच होतं रे. फरशी खचलीय." आणि जरा वेळाने, "तुझा हात थरथरतोय. थोरल्याला बोलाव." मी म्हटलं, तुम्ही स्टेबल आहात असं त्याला कळवलंय. तसे ते भिंतीकडे तोंड करून पडले. मला माझीच लाज वाटली.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. हॉस्पिटलला नवं टेबल करून द्यायचंय. त्यासाठी बाबांचा रंधा हवा. पोस्टाने पाठवू नकोस, हरवेल. स्वतः घेऊन ये.

आणखी एक. आज सकाळी बाबांनी पाणी मागितलं. मी सवयीने पेला काठोकाठ भरून हातात दिला. तोंडाशी जाईपर्यंत अर्धा चादरीवर सांडला. डॉक्टर शेजारीच उभे होते, त्यांनी कागदावर स्टेबल लिहिलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. दादा, रंधा सापडला नाही तरी नीघ.