गादी निघाली, तेव्हा

अटलांटा,
९ एप्रिल १९८४

ति. लुव्हेनिया आत्यास मार्वाचा वाकून नमस्कार.

काल रात्री सुखरूप पोहोचले. तुझी गादी, आरसा आणि कपड्यांची पेटी इथल्या खोलीत लावून टाकली. आता फक्त तू यायची राहिलीस. महिनाअखेर न्यायला येते, तोवर सोफ्यावर कसंबसं काढ. घर विकायला तू हो म्हणालीयस, आता माघार नको.

खरं सांगू? त्या गावाचा तुला एवढा पुळका कशाचा, हे तिथं राहूनही मला कळलं नाही. नदीसुद्धा कंटाळून पात्र बदलून निघून गेली, आणि तुमचे म्हातारे अजून धक्क्यावर बोटीची वाट बघितल्यासारखे बसलेत. पाव आणायला दुकानात गेले, तर आधी मी कुणाची कोण याचा तपास झाला, मग माझं लग्न का मोडलं याचा. एवढं होऊन पाव शिळा निघाला तो निघालाच. तुमच्या चर्चमधल्या त्या क्लॉटील प्रूइटबाईंनी तर मला जवळ घेऊन देव तुझं भलं करो म्हटलं. त्या सुरात आमच्याकडे लोक शिव्या देतात.

इथं सातव्या मजल्यावर शांत आहे. कुणी कुणाच्या अध्यात नाही.

माया असू दे, आणि बांधाबांध सुरू कर.

तुझी,
मार्वा

---

कॉटनवुड लँडिंग, मिसिसिपी,
१३ एप्रिल १९८४

चि. मार्वास आत्याचा आशीर्वाद. अक्कल मात्र तुझी तूच शोध.

रविवारी पहाटे पिकअपवर माझी गादी उभी बांधून तू भर रस्त्यानं नेलीस. अगं, या गावात घरातून गादी निघते ती माणूस गेल्यावरच. एवढंही तुझ्या बापानं शिकवलं नाही? त्यात गादी तू आदल्या रात्रीच काढलेली आणि सोफ्यानं पाठ मोडलेली, म्हणून मी चर्चला न जाता मागच्या ओसरीत आडवी झाले. झालं! लोकांनी गादी बघितली, बाकावरची माझी रिकामी जागा बघितली, आणि मला मारून मोकळे झाले.

जाग आली ती हॅमच्या वासानं. आपलं पुढचं दार कधी बंद असतं? मयताच्या घरी न्यायच्या जेवणाची भांडी घेऊन चर्चमधल्या सगळ्याजणी स्वयंपाकघरात. मी जाळीच्या दाराआड उभी राहिले. आपल्या मयताला कोण काय बोलतं, हे ऐकायची संधी सोडते होय! एक म्हणत होती की बाई जिभेची कडू होती. दुसरी म्हणाली, कडू कसली, विषारी म्हण. माझ्या निळ्या बशा कुणी न्यायच्या, यावर दोघींची जुंपली. क्लॉटील सांगत होती की लुव्हेनिया बेसूर गायची, आता पुढच्या बाकावर शांतता होईल. ही बाई स्वतः गायला लागली की अंगणातली कुत्री उठून जातात! आणि हे सांगताना रडत होती, बावळट.

मग मी आत गेले आणि विचारलं की अंड्यांत मीठ घालायला कोण विसरलं. एकीच्या हातातलं पातेलं पडलं. पण घरी जायचं नाव कुणी काढेल तर शपथ! केलंय ते खायला हवं म्हणून दिवे लागेपर्यंत बसल्या, आणि चर्च चुकवलं म्हणून मलाच झापलं. क्लॉटीलनं तेवढा आपला केक परत नेला. योग्य वेळी पुन्हा करीन म्हणाली.

कोती, चोंबडी, मूर्ख माणसं आहेत. ते मला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण मी मेले असं वाटल्यावर दुपारच्या आत आली. घर विकत नाही. गादी आण, आणि या खेपेला झाकून आण.

जीव लाव, सल्ले देऊ नकोस.

तुझी आत्या,
लुव्हेनिया

---

अटलांटा,
१९ एप्रिल १९८४

ति. आत्यास मार्वाचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसले, मग संतापले. बशांची वाटणी आधी आणि माणूस मेलाय की नाही ते नंतर! असल्यांसाठी तू लिफ्टचं घर नाकारतेस, असं खरमरीत उत्तर लिहायचं ठरवलं होतं.

ते लिहिण्याआधी खाली गेले, तर दरवान बोलता बोलता म्हणाला की माझ्या शेजारचे गृहस्थ गेले. मी विचारलं, कुठं? त्यानं समजावून सांगितलं, गेल्या आठवड्यातच वारले होते. भिंतीला भिंत आमची, आणि नाव मला दारावरच्या पाटीवरून वाचावं लागलं.

तुमच्या गावाचं खूळ डोक्यात शिरलं असणार. मॅकरोनी केली आणि भांडं घेऊन त्यांच्या दाराशी गेले. बेल वाजवली, पुन्हा वाजवली. आत कुणी असायला नको का? लिफ्टमधून उतरलेल्या बाईंनी विचारलं की तुम्ही चुकून या दारावर आलात का. मी हो म्हटलं.

शनिवारी तुझं सामान घेऊन निघते. माया कर असं म्हणायला यावेळी तोंड नाही, तरी कर.

तुझी,
मार्वा